दुसरी सही : मावळातील नगरपरिषद निकालांचा अर्थ

रविवार, २१ डिसेंबर २०२५. नाताळच्या तोंडावरचा रविवार म्हणजे लोणावळ्यातील व्यापाऱ्याला गल्ल्यावरून उठण्याची उसंत नसलेला दिवस. त्या दिवशी मात्र एक डोळा गिऱ्हाइकाकडे आणि दुसरा मतमोजणीकडे, अशी बाजारपेठेची अवस्था होती. मतदान २ डिसेंबरला होऊन गेले होते. मोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती. परंतु राज्यात काही ठिकाणचे मतदान न्यायालयीन अपिलांमुळे २० डिसेंबरपर्यंत पुढे गेले. त्यात लोणावळा व तळेगाव येथील काही जागाही होत्या. एका ठिकाणच्या निकालाचा परिणाम दुसऱ्या ठिकाणच्या मतदानावर होऊ नये, म्हणून सर्वत्र एकाच दिवशी मोजणी करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला. त्यामुळे मतपेट्यांची जागा घेतलेली यंत्रे एकोणीस दिवस कुलूपबंद राहिली.

कुलूप उघडले तेव्हा लोणावळ्याच्या नगराध्यक्षपदी राष्ट्रवादी काँग्रेसचे राजेंद्र सोनवणे निवडून आले होते. वडगाव नगरपंचायतीत त्याच पक्षाच्या अबोली ढोरे, तर तळेगाव दाभाडे येथे भारतीय जनता पक्षाचे संतोष दाभाडे विजयी झाले. पुणे जिल्ह्यातील सतरा नगराध्यक्षपदांपैकी दहा राष्ट्रवादी काँग्रेसकडे, चार शिवसेनेकडे आणि तीन भाजपकडे गेली. राज्यातील २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींचा एकत्रित विचार करता भाजप हाच सर्वांत मोठा पक्ष ठरला. जिल्ह्याचा कौल आणि राज्याचा कौल असे वेगवेगळे दिसले.

गुलाल उधळून झाला, फलक उतरले. कोण जिंकले, कोण हरले याची चर्चा दुकानांच्या पायऱ्यांवर आणखी काही दिवस चालेल. परंतु व्यापारी कुटुंबाच्या दृष्टीने या निकालातील खरी घटना वेगळीच आहे.

चार वर्षांचा रिकामा रकाना

यापूर्वीची निवडणूक डिसेंबर २०१६ मध्ये झाली होती. तेव्हा लोणावळ्यात भाजपच्या सुरेखा जाधव आणि तळेगावात त्याच पक्षाच्या चित्रा जगनाडे थेट जनतेतून नगराध्यक्ष झाल्या. त्या सभागृहाची पाच वर्षे संपली, तेव्हा इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायप्रविष्ट होता. प्रभागरचना, सदस्यसंख्या, आयोगाचा अहवाल अशी एकेक गाठ पडत गेली आणि निवडणूक लांबत गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश दिला. पुढे त्यासाठी ३१ जानेवारी २०२६ ही अंतिम मुदत ठरवून दिली. दरम्यान जवळजवळ चार वर्षे नगरपरिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता.

प्रशासक म्हणजे वाईट कारभार, असे मुळीच नाही. सभागृहातील कुरघोडी नसल्यामुळे काही कामे लवकर मार्गी लागतात, असे अनेक व्यापारी मोकळेपणाने म्हणतात. अडचण व्यक्तीची नाही, पद्धतीची आहे. नगरपरिषदेत मुख्याधिकारी हा शासनाने नेमलेला अधिकारी असतो. खर्चाचा प्रस्ताव तो मांडतो. मंजुरी देणारे सभागृह लोकांनी निवडलेले असते. अनेक नगरपरिषदांत या काळात मुख्याधिकारीच प्रशासकही होते. म्हणजे मागणी करणारा आणि मंजूर करणारा हात एकच.

बँकेत कितीही विश्वासू कर्मचारी असला, तरी नोंद एकाने करायची आणि ती दुसऱ्याने तपासून सही करायची, हा नियम मोडत नाहीत. जुन्या पेढ्यांवरही रोजमेळ मुनीम लिहीत असे आणि रात्री शेठजी तो नजरेखालून घालत. त्यात मुनिमावर अविश्वास नव्हता. प्रामाणिक माणसाचीही चूक होऊ शकते आणि ती वेळीच कोणाच्या तरी ध्यानात यावी, एवढाच त्यामागचा हेतू. चार वर्षे नगरपरिषदेच्या वहीत हा दुसऱ्या सहीचा रकाना रिकामा होता. २१ डिसेंबरला तो भरला गेला.

इंग्लंडचा धडा

आपल्याकडील निवडून दिलेल्या नगरपालिकेची कल्पना इंग्लंडमधील बरोंच्या कारभारावरून आली. तेथील १८३५ च्या कायद्याने नगरांचा कारभार करदात्यांनी निवडलेल्या परिषदांकडे सोपवला. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने हिंदुस्थानात त्या दिशेने पाऊल पडले. आज मात्र दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या दिसतात. इंग्लंडमधील बहुतेक बरोंत महापौर हा मानाचा धनी असतो. त्याला नगरसेवक वर्षभरासाठी निवडतात आणि कारभार परिषदेतील बहुमताचा नेता पाहतो. थेट निवडलेल्या महापौराचा पर्याय तेथे २००० च्या कायद्याने आला, पण तो मोजक्याच ठिकाणी स्वीकारला गेला. महाराष्ट्रात २००१ पासून हा प्रयोग कधी सुरू, कधी बंद असा चालला आहे. २०१६ मध्ये तो पुन्हा आला, २०२० मध्ये रद्द झाला आणि २०२२ मध्ये परत लागू झाला.

निवडणूक लांबणीवर पडण्याचा प्रकार तेथेही घडतो. मे २०२५ मध्ये प्रशासकीय पुनर्रचनेच्या कारणाने एसेक्स, नॉरफोक, सरे आदी नऊ ठिकाणच्या निवडणुका वर्षभर पुढे ढकलल्या गेल्या. मात्र तेथे आधीचे नगरसेवकच पदावर राहिले. आपल्या राज्यघटनेला ते मान्य नाही. पाच वर्षांपलीकडे सभागृहाला एक दिवसही मिळत नाही. सत्तेला चिकटून राहता येऊ नये म्हणून केलेली ही तरतूद योग्यच आहे. परंतु निवडणूक वेळेवर झाली नाही, तर तिच्यामुळेच सभागृह रिकामे राहते.

एकाच तालुक्यात तीन हिशेब

राज्याच्या सरकारात एकत्र बसणारे भाजप आणि राष्ट्रवादी काँग्रेस लोणावळ्यात परस्परांविरुद्ध लढले, तर तळेगावात त्यांनी स्थानिक समझोता केला. म्हणून मावळातील निकालावरून मुंबईचे राजकारण वाचू पाहणारा फसतो. येथील मतदाराने पक्षापेक्षा पाणी, रस्ता, कचरा आणि ओळखीचा माणूस यांचा हिशेब मांडला.

मतदानाची रीतही त्याला तशी मोकळीक देते. नगरपरिषदेच्या बहुतेक प्रभागांतून दोन सदस्य निवडले जातात. त्यामुळे मतदाराच्या हाती तीन मते असतात, दोन नगरसेवकांसाठी आणि एक नगराध्यक्षासाठी. वडगावसारख्या नगरपंचायतीत सतरा प्रभागांतून प्रत्येकी एकच सदस्य असतो, म्हणून मते दोन. तीन मते तीन पक्षांना देणारा मतदार गोंधळलेला असतो असे नाही. पुष्कळदा तो फार बारकाईने निवड करत असतो.

याच निवडणुकीत फळविक्रीवर घर चालवणाऱ्या भाग्यश्री जगताप लोणावळ्यातून नगरसेविका झाल्या आणि त्यांच्या विजयाची राज्यभर चर्चा झाली. व्यापारी वर्गाने या विजयाकडे केवळ कौतुकाने पाहून थांबू नये. दुकानदार आणि हातगाडीवाला यांच्यातील तंटा प्रत्येक बाजारपेठेत आहे. दुकानदार भाडे, घरपट्टी, परवाना यांचा भार सोसतो आणि त्याच्या दारासमोर पदपथ अडलेला असतो. विक्रेत्याला मात्र उद्या गाडी कोठे लावायची याचीच शाश्वती नसते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने यासाठी नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून असावेत असे म्हटले आहे. आता त्या वर्गाचा अनुभव सभागृहातही पोहोचला आहे. दुकानदारांच्या संघटनांनी तक्रारअर्जाऐवजी चर्चेचा मार्ग धरला, तर विक्रीच्या जागा आणि वेळा ठरवण्याचे काम दोघांच्या संमतीने होऊ शकते.

मते येथली, भार बाहेरचा

२०११ च्या जनगणनेनुसार लोणावळ्याची लोकसंख्या ५७,६९८ होती. नगरपरिषदेची घडी एवढ्या वस्तीच्या मापाने बसवलेली, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटमाथ्यावर गर्दी लोटते ती त्या मापाच्या कितीतरी पलीकडची. चिक्की, फज, हॉटेल, किराणा, औषधे, सारा व्यापार त्या पाहुण्यांवर उभा आहे. परंतु पाहुण्यांना येथे मत नाही. मुंबई-पुण्याच्या बंगलेमालकांपैकी पुष्कळांची घरपट्टी येथे जमा होते, मतदान मात्र दुसरीकडे. मत देतो तो येथे राहणारा, आणि वाहतूककोंडीत रुग्णवाहिका अडली तर झळ लागते त्यालाच. पर्यटनावर जगणारा व्यापारी आणि पर्यटनाने त्रासलेला रहिवासी हे पुष्कळदा एकाच घरातले दोघे असतात. नव्या सभागृहापुढचा सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे.

त्यातही अधिकाराच्या सीमा आहेत. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर त्या भागातील अनधिकृत टपऱ्या हटवण्यात आल्या, पर्यटनस्थळी निर्बंध आले. रेल्वे, वनखाते, जिल्हा प्रशासन आणि पोलीस अशा अनेकांचा तेथे अधिकार चालतो. ज्यांची रोजी गेली त्यांना आणि ज्यांना निर्बंध हवे होते त्यांनाही आपले म्हणणे मांडायला प्रभागाचा नगरसेवक नव्हता. लोणावळ्यातील प्रत्येक प्रश्न नगरपरिषद सोडवू शकत नाही. पण योग्य दारावर जाऊन गावाच्या वतीने बोलणे, हे लोकप्रतिनिधीचेच काम आहे.

गाव मनावर घेते तेव्हा काय होते, याचा दाखलाही येथलाच आहे. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील शहरांमध्ये विटा देशात पहिले आले आणि लोणावळा दुसरे. सफाई कामगार, अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि ओला-सुका कचरा वेगळा ठेवणारी घरे, या सर्वांचा तो वाटा होता.

जकातनाक्यानंतरचे नाते

जुन्या पिढीतील व्यापाऱ्याला नगरपालिका रोज भेटत असे, ती जकातनाक्यावर. पावती, तपासणी, वाद, सारे तेथे चाले. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली आणि ते रोजचे नाते संपले. आता व्यापारी आणि नगरपरिषद यांची गाठ घरपट्टी, पाणीपट्टी आणि परवान्याच्या निमित्ताने वर्षातून एकदोनदा पडते. त्यामुळे व्यापारी सभागृहाकडे पाहीनासा झाला आणि काम पडले की ओळखीचा माणूस शोधू लागला.

ही सवय महागात पडते. मालमत्तांची करआकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते. यादी प्रसिद्ध होते, हरकतींसाठी मुदत दिली जाते. ज्याने मुदतीत लेखी हरकत घेतली, त्याची सुनावणी होते. ज्याने नोटीस गल्ल्याखालच्या खणात ठेवली, तो पुढील चार वर्षे कुरकुरत पैसे भरतो. अंदाजपत्रकाचेही तेच. १ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षात पार्किंगसाठी किती, पाण्याच्या नळवाहिनीसाठी किती, बाजारपेठेतील स्वच्छतागृहासाठी किती, हे त्या आधीच्या काही आठवड्यांत ठरते. एप्रिल उजाडल्यावर केलेली मागणी एक वर्ष उशिरा पोहोचते.

नामनिर्देशित सदस्यांची निवडही याच टप्प्यावर होते. निवडून आलेल्या सदस्यसंख्येच्या दहा टक्के किंवा पाच, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सदस्य नगरपरिषदेत घेता येतात. त्यांना मताचा अधिकार नसतो. नगर प्रशासनाचे विशेष ज्ञान असलेल्यांसाठी असलेल्या या जागा पुष्कळदा तिकीट न मिळालेल्यांची समजूत घालण्यास वापरल्या जातात. हिशेब जाणणारी, निवृत्त, निःस्पृह माणसे आपल्या समाजात प्रत्येक गावी आहेत. अशांची नावे पक्षांकडे सुचवणे, यात कमीपणा नाही.

पेढीवर नवा मुनीम आला की शेठजी पहिले काही महिने रोजमेळ अधिक बारकाईने पाहत. लोणावळा, तळेगाव आणि वडगाव येथील नव्या सभागृहांचे हे तसेच पहिले महिने आहेत. व्यापारी संघटनेने एखाद्या हिशेब जाणणाऱ्या तरुणाकडे प्रत्येक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त मिळवून वाचण्याचे काम सोपवले, तरी प्रारंभ होईल. लोणावळ्याचे पहिले अंदाजपत्रक आता फार दूर नाही.