आरोळी पेलणारा माइक

धानाची कापणी आणि मळणी आटोपत आली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील गावांना नाटकाचे वेध लागतात. दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत कुठे मंडई, कुठे शंकरपट आणि त्या निमित्ताने रात्रभर रंगणारे नाटक, असा हा हंगाम असतो. वैनगंगेच्या काठावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य केंद्र. नाटक मंडळ्यांच्या तारखा तेथे ठरतात आणि कलावंत तेथून रोज नव्या गावाला निघतात. २०२३ साली या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पूर्व विदर्भाबाहेरील अनेकांना या रंगभूमीच्या व्यापाची प्रथमच कल्पना आली.

या रंगभूमीचा अभिनय चढ्या सुराचा आहे. मोकळ्या मैदानातील मंडप, थंडीत गोधड्या पांघरून बसलेला प्रेक्षकवर्ग, ऑर्गन आणि तबल्याची साथ, आणि या सगळ्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारी खलनायकाची आरोळी किंवा आईचा हंबरडा. अशी आरोळी एकदा फोडणे सोपे. हंगामभर, जागरण आणि प्रवास सांभाळत, ती रोज रात्री फोडणे अवघड. कलावंताचा घसा हेच त्याचे भांडवल असते. ते भांडवल किती दिवस पुरेल, हे बऱ्याच अंशी एका छोट्या वस्तूवर ठरते. ती वस्तू म्हणजे माइक.

दूरचे सोबती

हाच प्रश्न जगात आणखी एका कलावंतवर्गाला पडतो. तो म्हणजे मेटल संगीतातील गायक. गुरगुरणे, डरकाळी आणि किंकाळी हीच त्यांच्या गायनाची भाषा. मुंबईत २००० साली स्थापन झालेला ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ आणि ‘भयानक मौत’ या वाद्यवृंदांनी हे गायन आपल्याकडे रुजवले. झाडीपट्टीचा खलनायक आणि मेटलचा गायक एकमेकांच्या गावी कधी जाणार नाहीत; पण खरखरीत, स्फोटक आवाज न फाटता लोकांपर्यंत पोहोचवायचा कसा, ही अडचण दोघांचीही आहे. फरक इतकाच, की मेटलमध्ये शब्द हरवले तरी श्रोता सहसा रागावत नाही. नाटकात संवादाचा एक शब्द गेला, तर कथानकाचा धागा सुटतो.

अंतराचा हिशेब

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. साधे संभाषण एक मीटरवरून सुमारे ६० डेसिबल भरते. जोरदार आरोळी ९० किंवा त्याहून अधिक. तोंड आणि माइक यांतील अंतर निम्मे केले, की माइकवर पडणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. या नियमाने एक मीटरवर ९० डेसिबल असलेली आरोळी ओठांपासून पाच सेंटिमीटरवर ढोबळमानाने ११६ डेसिबलपर्यंत जाते.

या एका आकड्यात माइक निवडण्याचे दोन धडे आहेत. जवळ धरायच्या माइकला हा मारा सहन झाला पाहिजे, हा पहिला. दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. माइक एक मीटरवरून पाच सेंटिमीटरवर आला, तर कलावंताला २६ डेसिबल फुकट मिळतात. तेवढे घशातून काढायचे म्हटले, तर साध्या संभाषणाची जवळजवळ आरोळी करावी लागेल.

झाडीपट्टीच्या मंचावर मात्र वरून टांगलेले किंवा पुढे उभे केलेले माइक ही परिचित व्यवस्था आहे. पात्रांचे हात मोकळे राहतात, हालचालीला वाव मिळतो आणि पोशाखाला बाधा येत नाही. पण असा माइक नटाचा आवाज लांबून घेतो. वाद्ये, पायांचे आवाज, मंडपामागचा जनरेटर आणि प्रसंगी विंगेतून सांगणाऱ्या प्रॉम्प्टरचा आवाजही त्यात शिरतो.

डायनॅमिक की कंडेन्सर?

बाजारात मुख्यतः दोन जातींचे माइक मिळतात. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचे बारीक वेटोळे जोडलेले असते; ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि वीज निर्माण होते. कंडेन्सर माइकमध्ये पडदा आणि धातूची तबकडी यांमधील विद्युतधारितेच्या बदलातून आवाज टिपला जातो. त्याला बाहेरून वीज लागते. ती बहुधा मिक्सरमधून ४८ व्होल्टच्या रूपाने येते.

कंडेन्सर अधिक नाजूक तपशील टिपतो, म्हणून तो श्रेष्ठ, असा समज सर्वत्र आहे. आरोळीच्या बाबतीत तो तपासून घ्यावा लागतो. न्यूमन कंपनीचा ‘यू ८७’ हा जगभरच्या स्टुडिओंत मान पावलेला कंडेन्सर. पण त्याची अंगभूत मर्यादा ११७ डेसिबल आहे. माइकवरील बटणाने ती १२७ वर नेता येते. म्हणजे वरच्या हिशेबातील आरोळी जवळून आली, तर हा महागडा माइक जवळजवळ काठावर उभा असतो. चांगल्या डायनॅमिक माइकला हा मारा किरकोळ वाटतो. माणसाच्या घशातून निघणारा कोणताही आवाज त्याच्या मर्यादेच्या बराच आत राहतो. शिवाय पहाटेचे धुके, दव, धूळ आणि ट्रकमधील धक्के यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. दमट हवेत कंडेन्सर चरचरू लागतो, तेव्हा तो दुरुस्त करणारा कारागीर नाटकाच्या गावात सापडत नाही.

दुसरा समज असा, की संवेदनशील माइक ‘लांबचे ऐकतो’, म्हणून टांगायला तोच बरा. ‘यू ८७’ची संवेदनशीलता साध्या डायनॅमिक माइकच्या सुमारे पंधरापट आहे, हे खरे. पण तो नटाचा आवाज जितका वाढवतो, तितकाच जनरेटरचा आणि भोंग्यातून परत येणारा आवाजही वाढवतो. दोहोंतील प्रमाण बदलत नाही. ते बदलते अंतराने आणि माइकच्या दिशेने.

माइकची दिशा

गायनाचे बहुतेक माइक हृदयाच्या आकाराचा प्रदेश ऐकतात. समोरचे सर्वाधिक, बाजूचे कमी आणि थेट पाठीमागचे सर्वात कमी. याला कार्डिऑइड म्हणतात. सुपरकार्डिऑइड माइक समोरचा पट्टा अधिक अरुंद घेतो. पण त्याचा बहिरा कोन थेट मागे नसून दोन्ही बाजूंना सुमारे १२५ अंशांवर असतो. म्हणून नटाला स्वतःचा आवाज ऐकू यावा यासाठी मंचावर छोटा स्पीकर ठेवला असेल, तर कार्डिऑइडच्या बाबतीत तो माइकच्या थेट पाठीमागे आणि सुपरकार्डिऑइडच्या बाबतीत तिरका ठेवावा. माइक बदलला आणि स्पीकर जुन्याच जागी राहिला, की शिट्टी सुरू होते आणि दोष नव्या माइकला दिला जातो.

मंचावर किती माइक एकाच वेळी उघडे आहेत, हेही मोजायला हवे. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली, की शिट्टी येण्यापूर्वी आवाज वाढवण्याची मुभा सुमारे तीन डेसिबलने घटते. एकाऐवजी आठ माइक उघडे ठेवले, तर नऊ डेसिबल गेले. ज्या माइकजवळ पात्र नाही, तो मिक्सरवर खाली घेणारा जागरूक माणूस दोन नव्या माइकपेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

खरखर आणि स्पष्टता

प्रत्येक माइक काही स्वरपट्टे उचलून धरतो. शुअर कंपनीचा ‘एसएम ५८’ १९६६ साली बाजारात आला आणि जगभर व्यासपीठांवरचा नेहमीचा माइक झाला. त्यात वरच्या मध्यपट्टीला मुद्दाम उठाव दिलेला आहे. त्यामुळे स, श, च, ख ही व्यंजने स्वच्छ येतात आणि संवाद कळतो. मात्र खरखरीत आवाजाची धारही याच परिसरात असते. मुळातच पातळ, कर्कश आवाजाच्या नटाला असा माइक अधिक टोचरा करतो. त्याला कमी उठावाचा, सपाट प्रतिसादाचा माइक शोभतो. भारदस्त, घोगऱ्या आवाजाला मात्र हाच उठाव शब्द उमटवण्यास मदत करतो. म्हणजे ‘सर्वोत्तम माइक’ असा कोणताही नाही; कोणाच्या आवाजासाठी, हे आधी सांगावे लागते. मेटल गायकांत ध्वनिमुद्रणासाठी ‘एसएम ७’ या १९७३ सालच्या माइकची परंपरा आहे. तो डायनॅमिकच आहे आणि त्याचा प्रतिसाद सपाट आहे. पण त्याचा विद्युतसंकेत इतका क्षीण असतो, की दुबळ्या मिक्सरवर तो लावला तर आवाजाबरोबर सरसरही वाढते.

मेटल गायकांची एक लकब मात्र टाळण्यासारखी आहे. ते माइकची जाळी मुठीत आवळून धरतात. जाळीच्या मागच्या फटीतून येणाऱ्या आवाजावरच माइकचे दिशाज्ञान चालते. त्या बुजल्या की माइक चहूबाजूंचे ऐकू लागतो, शिट्टी येते, शब्द नाकात बोलल्यासारखे होतात. लावणीच्या ठेक्यावर हातात माइक घेऊन गाणाऱ्यांनीही तो दांड्यालाच धरावा.

आवाज ‘फाटला’ की माइक बदलण्याची घाई होते. पुष्कळदा फाटतो तो मिक्सर. चाचणी ‘हॅलो, हॅलो’ म्हणून होते, मिक्सरची पातळी त्यावर बेतली जाते आणि तिसऱ्या अंकात खलनायक गर्जतो. त्या गर्जनेला मिक्सरमध्ये जागाच उरलेली नसते. पातळी सर्वात मोठ्या आरोळीवर बेतली, तर जुना माइकही अनेकदा निर्दोष ठरतो. खरेदी करतानाही दक्षता हवी. नामांकित माइकच्या हुबेहूब नकला सर्रास विकल्या जातात. अधिकृत विक्रेत्याचे बिल नसेल, तर स्वस्ताई शंकास्पद समजावी.

घशाचा प्रश्न

१९११ साली एतियेन लोंबार या फ्रेंच घसातज्ज्ञाने एक निरीक्षण प्रसिद्ध केले होते. भोवती गोंगाट वाढला, स्वतःचा आवाज नीट ऐकू येईना, की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो. मंचावरील नटाचे नेमके हेच होते. माइक दूर, वाद्ये जवळ, स्वतःचा आवाज प्रेक्षकांकडे गेलेला. तो ओरडतो आणि आपण ओरडतो आहोत, हे त्याला कळतही नाही. अशा रात्री साठत गेल्या की स्वररज्जूंना सूज येते, पुढे गाठी होऊ शकतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, तर घसातज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते.

मेटलचे जाणते गायक येथे एक उपयुक्त गोष्ट शिकवतात. त्यांची डरकाळी ऐकताना वाटते तितकी मोठी नसते. खऱ्या स्वररज्जूंच्या वरच्या बाजूला असलेल्या घड्या कंप पावतात, त्यातून खरखर येते. जोर पोटातून येणाऱ्या श्वासाचा असतो आणि उरलेले काम ओठांशी असलेला माइक करतो. हे तंत्र शिक्षकाविना करू पाहणे धोक्याचे. पण त्यामागील तत्त्व कोणालाही आचरता येईल. आवाजाचा पोत गळ्याने द्यावा, मोठेपणा यंत्राने.

म्हणून एखाद्या मंडळीकडे थोडेच पैसे असतील, तर ते महागड्या कंडेन्सरवर घालू नयेत. दोन-तीन अस्सल डायनॅमिक माइक, तीन पिनांच्या भक्कम तारा आणि नटांना स्वतःचा आवाज ऐकवणारा एक छोटा स्पीकर, हा खर्चाचा योग्य क्रम आहे. टांगलेले माइक शक्य तितके खाली आणावेत आणि महत्त्वाची स्वगते त्यांच्या जवळ उभे राहूनच म्हटली जातील, अशी हालचाल बसवावी. कानाला अडकवायचा बिनतारी माइक घ्यायचाच असेल, तर तो किती डेसिबल सहन करतो, हा आकडा विक्रेत्याला आधी विचारावा. १३० च्या खाली असेल तर तो निवेदकासाठी ठीक, खलनायकासाठी नव्हे.

शेवटची परीक्षा पडदा उघडण्यापूर्वी घ्यायची असते. मंचावर नाटकातील सर्वात हळुवार संवाद आणि सर्वात मोठी आरोळी एकामागून एक म्हणायला लावावी आणि ऐकणाऱ्याने मंडपाच्या शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहावे. संवादातील शब्द कळला, आरोळी फाटली नाही आणि नटाला मान ताणावी लागली नाही, तर माइक योग्य आहे. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी तीच आरोळी त्याला पुन्हा द्यायची आहे.