आबांच्या रेडिओवर नागपूर लागलं पाहिजे

गेल्या दिवाळीत माझा भाचा न्यू जर्सीहून आला, तेव्हा आजोबांसाठी एक लाल रेडिओ घेऊन आला. डब्यावर विजा, वादळ आणि तंबूची चित्रं. "मावशी, हा साधा रेडिओ नाही, इमर्जन्सी रेडिओ आहे," त्याने सांगितलं आणि एकेक गोष्ट दाखवली. बाजूला फिरवायचं हँडल, वर सोलरची पट्टी, समोर टॉर्च, मागे फोन चार्ज करायची सोय, एक लाल बटण दाबलं की कानठळ्या बसवणारा सायरन, आणि हवामानाचे इशारे ऐकायचं वेगळं बटण. आबा एकोणऐंशी वर्षांचे. ते आणि आई पांढुर्ण्याला दोघंच राहतात, मी इकडे सौंसरला. मुलाने काळजीपोटी आणलं होतं, त्यामुळे सगळ्यांनाच बरं वाटलं. रेडिओ शोकेसमध्ये जाऊन बसला.

त्याची परीक्षा जूनमध्ये झाली. मी चार दिवस माहेरी होते. संध्याकाळी वावटळ सुटली, पाठोपाठ पाऊस, आणि लाइट गेली. थोड्या वेळाने फोनची रेंजही गेली. आबा म्हणाले, "काढ तो अमेरिकेचा." हवामानाचं बटण दाबलं तर नुसती खरखर. एफएमवर एक हिंदी गाण्यांचं स्टेशन येत-जात होतं. मीडियम वेव्हवर नागपूर शोधायला गेले तर आकडा ५८० वरून थेट ५९० वर उडी मारायचा. दोन्हीकडे फसफस, आणि त्या फसफशीच्या आत कुठेतरी कोणीतरी बोलतंय असं वाटायचं, शब्द एक कळेना. मी हँडल फिरवून फिरवून दमले.

आबांनी कपाटातून त्यांचा जुना, रेक्झिनच्या कव्हरचा ट्रान्झिस्टर काढला. टॉर्चमधले सेल त्यात घातले, काटा अंदाजाने फिरवला, सेट थोडा तिरपा धरला. नागपूर लागलं. स्वच्छ. मग लाल रेडिओकडे बघून म्हणाले, "काहून गा बाप्पा, इतका मोठा डब्बा अन् याले नागपूर नाही भेटत?"

मी सायन्सची शिक्षिका, त्यामुळे हा प्रश्न डोक्यातून जाईना. उत्तर शोधलं तेव्हा कळलं की रेडिओत बिघाड काहीच नव्हता. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात, भारतात ९ च्या. आकाशवाणी नागपूर ५८५ वर आहे. आकड्यांचा रेडिओ दहा-दहाच्या पावलाने चालणारा असेल तर तो ५८० वर थांबतो, ५९० वर थांबतो, ५८५ वर कधीच नाही. काही सेटमध्ये एखादं बटण दाबून ठेवलं की पाऊल ९ चं होतं, आमच्या लाल रेडिओत ती सोय नव्हती. आबांच्या जुन्या सेटला असलं पाऊलच नाही. काटा सरकतो तिथे सरकतो. आणि ते हवामानाचं बटण? ते १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या अमेरिकन सरकारच्या हवामान प्रसारणासाठी असतं. आपल्याकडे ते प्रसारणच नाही. ऑनलाइन विकत मिळणाऱ्या कितीतरी 'इमर्जन्सी' रेडिओंवर हे बटण असतं आणि त्यासाठी पैसेही जास्त मोजावे लागतात.

तुम्ही म्हणाल, नागपूरच कशाला? यासाठी थोडं मागे जावं लागेल.

३० जुलै १९९१ ला मोवाडला पूर आला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. मोवाड नरखेड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण पांढुर्ण्याहून सरळ रेषेत वीस किलोमीटरसुद्धा नाही. वर्धा नदी उगम पावते आपल्या मध्य प्रदेशात, मुलताईच्या बाजूला, आणि खाली मोवाडवरून जाते. त्या पुरात मोवाडमध्ये २०४ माणसं गेली. माझ्या आत्याचं सासर तिकडच्याच एका खेड्यात. आमच्याकडे फोन नव्हता, त्यांच्याकडेही नव्हता. रस्ते बंद. आबा दोन दिवस या ट्रान्झिस्टरला कान लावून बसले होते. मला आठवतं ते एवढंच, की आई जेवायला हाक मारायची आणि आबा नुसता हात वर करायचे, थांब म्हणून. आत्या सुखरूप होती, हे तिसऱ्या दिवशी माणूस आला तेव्हा कळलं. पण गावोगावची थोडीफार बातमी त्या दोन दिवसांत मिळाली ती रेडिओवरून. आबांचा नागपूरचा हट्ट तेव्हापासूनचा.

त्यात आपला प्रदेश असा, की कागदावर मध्य प्रदेशात आणि पाण्याच्या वाटेने महाराष्ट्रात. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, पण नद्यांना जिल्हा कळत नाही. गोटमारीच्या दिवशी जिच्या दोन्ही काठांवर गर्दी उभी राहते ती जाम नदी पांढुर्णा-सावरगावच्या मधून निघून आमच्या सौंसरकडे येते आणि कन्हानला मिळते. कन्हान पुढे नागपूर जिल्ह्यात जाते. म्हणून आपल्याला दोन्हीकडची बातमी लागते: वर किती पाऊस झाला ती हिंदीतून, आणि खाली काय झालं ती मराठीतून.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी छिंदवाडा जिल्ह्यात जो पाऊस झाला, तो तरी तुम्हाला आठवत असेल. त्या वेळी मी सौंसरला, आबा-आई पांढुर्ण्याला, मध्ये जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. एक अख्खी रात्र फोन लागला नाही. माझ्या घरात तेव्हा तीन मोबाइल, एक टॅब, एक टीव्ही होता. रेडिओ एकही नव्हता.

मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात, फोनमध्ये रेडिओ आहे ना! न्यूजऑनएअरवर नागपूरसुद्धा ऐकू येतं. येतं, आणि एरवी मीही ऐकते. पण तो रेडिओ इंटरनेटवरून येतो. टॉवरची बॅटरी आणि जनरेटरचं डिझेल संपलं की तोही संपला. काही फोनमध्ये खरा एफएम रेडिओ असतो, वायरचा इअरफोन लावला की ती वायरच त्याची अँटेना होते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना तो फोनमध्ये ठेवा असं सुचवलंही होतं. तुमच्या फोनमध्ये असेल तर एक वायरचा इअरफोन घरात ठेवा. गेल्या वर्षी, २८ एप्रिल २०२५ ला, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भरदिवसा सगळी वीज गेली, तेव्हा लोक दुकानांत सेलवर चालणारे रेडिओ शोधत फिरत होते. आपल्यापेक्षा कितीतरी सधन देश.

पण एफएमचं आपल्याकडे एक दुखणं आहे. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. नागपूर सौंसरपासून सरळ रेषेत पासष्टेक किलोमीटर आणि पांढुर्ण्यापासून पंच्याहत्तरच्या पुढे. छिंदवाड्याला आकाशवाणीचं एफएम आहे, पण ते वरच्या पठारावर आणि आपण सिल्लेवानीचा घाट उतरून खाली. त्यामुळे सौंसरच्या आमच्या गच्चीवर जे स्टेशन खणखणीत लागतं ते पांढुर्ण्याला आबांच्या माजघरात लागतच नाही. मीडियम वेव्हचं तसं नाही. ती जमिनीला धरून लांबवर जाते आणि नागपूरचं प्रक्षेपण ३०० किलोवॅटचं आहे. गाण्यांना तो आवाज फिका वाटतो, मान्य आहे. पुराच्या रात्री गाणी कोणाला ऐकायची असतात?

तेव्हा माझ्या लेखी रेडिओ घेताना पहिली अट ही: त्यात मीडियम वेव्ह हवी आणि ५८५ लागायला हवं. हल्ली बाजारात येणाऱ्या बऱ्याच छोट्या सेटमध्ये फक्त एफएम, पेन ड्राइव्ह आणि ब्लूटूथ असतं. दिसायला रेडिओ, असायला स्पीकर. मागे किंवा काट्याच्या पट्टीवर एमडब्ल्यू किंवा एएम लिहिलंय का ते बघा.

दुसरी गोष्ट सेलची. मी आधी चार्जिंगवाल्या सेटच्या बाजूने होते, आता नाही. आतली बॅटरी वर्षभर शोकेसमध्ये पडून राहिली की उतरते, आणि नेमकी लाइट गेल्यावर आठवते. पेन्सिल सेल किंवा टॉर्चचे मोठे सेल सावरगावच्या किराणा दुकानातही मिळतात. रेडिओ वीज फारच थोडी खातो. चांगले दोन पेन्सिल सेल, बेताचा आवाज आणि दिवसाला दोन-तीन तास ऐकणं, एवढ्यावर पंधरा दिवस सहज निघतात. फक्त सेल आत ठेवून विसरू नका, ते पाझरतात आणि पत्रा खाऊन टाकतात. आमचे सेल रेडिओला रबराने बाहेरून बांधलेले असतात.

हँडलची मौज माझ्या मुलाने घड्याळ लावून मोजली. एक मिनिट जोरात फिरवलं तर चार मिनिटं रेडिओ चालला. सगळे सेल संपल्यावर तेवढंही उपयोगाचं, म्हणून हँडल असलं तर वाईट नाही, पण आबांच्या खांद्याला ते झेपत नाही आणि आईच्या मनगटाला तर नाहीच. सोलरची पट्टी तळहाताएवढी, आणि आपल्याला रेडिओची गरज पडणार ती सूर्य चार-चार दिवस दिसत नाही तेव्हा. फोन चार्ज करायची सोय ऐकायला छान आहे, पण लाल रेडिओची बॅटरी २००० एमएएचची आणि आजचा फोन ५००० चा. पूर्ण भरलेली असली तरी फोन एक तृतीयांशसुद्धा भरत नाही, आणि मग रेडिओही गेला. त्यासाठी वेगळी पॉवर बँक ठेवलेली बरी.

शेवटी आम्ही दोन सेट घेतले, एक आबांसाठी, एक माझ्यासाठी. साधे, काट्याचे, एफएम आणि मीडियम वेव्ह, सेलवरही चालणारे आणि वायरवरही. एकेक साडेबाराशेला पडला. दुकानात लावून बघितला तर मीडियम वेव्हवर नुसता गोंगाट. दुकानदार म्हणाला, "ताई, आता एएमला काही उरलं नाही." मी तोच सेट घेऊन रस्त्यापलीकडे गेले आणि नागपूर लागलं. दुकानातल्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा तो गोंगाट होता. घरीही तसंच होतं, इन्व्हर्टरजवळ तर विचारूच नका. गंमत अशी की वस्तीची लाइट गेली की हा गोंगाटही जातो, म्हणजे रेडिओ सगळ्यात चांगला लागतो तो नेमका अंधारात. घेण्याआधी बाहेर मोकळ्यावर लावून बघा. मीडियम वेव्हची अँटेना सेटच्या पोटात आडवी असते, म्हणून वरची कांडी ओढून उपयोग नाही. अख्खा सेट हळूहळू फिरवायचा. आबा तिरपा धरतात तो याच कारणाने. त्यांना कारण माहीत नव्हतं, सवय होती.

रेडिओने सगळं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या गल्लीत पाणी शिरतंय हे रेडिओ सांगत नाही. वीज पडण्याचा इशारा पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप लवकर देतं, आणि २०२३ मध्ये आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर जो दचकवणारा चाचणीचा संदेश आला होता, ती यंत्रणा पहिल्या काही मिनिटांसाठी रेडिओपेक्षा चांगली आहे. सचेत आणि दामिनी मी आबांच्या फोनवरही टाकून दिलं आहे. रेडिओची पाळी येते ती त्यानंतर, फोन मेल्यावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी. तेव्हा माणसाला कळायला हवं असतं की पाऊस अजून किती, रस्ता कोणता चालू, आणि आपली माणसं आहेत त्या बाजूला काय चाललंय.

नव्या सेटच्या पाठीवर आबांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे. वर 'नागपूर ५८५', काट्याच्या पट्टीवर त्या जागी नेलपॉलिशचा ठिपका (आईची कल्पना, चष्मा नसला तरी दिसतो). त्याखाली छिंदवाडा आकाशवाणी, त्याखाली ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. मग आमचे सगळ्यांचे मोबाइल नंबर. शेजाऱ्याच्या चालू फोनवरून माझा नंबर लावायचा तर तो पाठ कोणाला आहे? मला तरी माझ्या नवऱ्याचा पाठ नव्हता. मृग लागायच्या आधी सेल बदलायचे आणि मला फोन करून 'लागलं' म्हणून सांगायचं, असं ठरलं आहे.

भाच्याला हे सगळं कळवायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी आबांनीच व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं. तो हसला, म्हणाला, "आजोबा, मग फेकून द्या." फेकला नाही. लाल रेडिओ आता संत्र्याच्या बागेतल्या झोपडीत खुंटीला टांगला आहे. राखणदार त्याचा टॉर्च वापरतो, आणि रानडुकरं आली की लाल बटण दाबतो. सायरन फार चांगला आहे म्हणे.