कामचुकारांची इंग्रजी नावे

आळस हा मनुष्यस्वभावाचा जुनाच दोष असला, तरी आळशाला कोणत्या नावाने हिणवावे हे मात्र प्रत्येक समाजाने आपापल्या निकडीप्रमाणे ठरविले आहे. इंग्रजी बोलीत कामचुकारांसाठी जे शब्द रूढ आहेत, त्यांपैकी पुष्कळसे लष्करात रुळले. कारण जेथे एकाने अंग काढून घेतले की त्याच्या वाट्याचा पहारा दुसऱ्याला करावा लागतो, तेथे त्या चुकारपणाला बोचरे नाव मिळाल्यावाचून राहत नाही.

'स्विंगिंग द लेड' हा ब्रिटिश वाक्प्रचार पाहा. दोराला बांधलेले शिशाचे वजन जहाजाच्या कडेवरून पाण्यात सोडून समुद्राची खोली अजमावणे हे खलाशाचे काम. ते शिसे नुसतेच झुलवीत वेळ काढणाऱ्याचे चित्र त्यात आहे, आणि पहिल्या महायुद्धात दुखण्याचे सोंग करून आपली पाळी चुकविणाऱ्या शिपायाला तो सर्रास लावला जाई. अमेरिकन फौजेतील 'गोल्डब्रिक' हा शब्द तर भामट्यांच्या बाजारातून आला : सोन्याचा मुलामा दिलेली वीट अस्सल म्हणून गळ्यात मारण्याची लबाडी एकोणिसाव्या शतकात तेथे प्रसिद्ध होती, आणि पुढे दर्शनी सैनिक परंतु कामाला निरुपयोगी असा इसम त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. ऑस्ट्रेलियातील 'ब्लजर' त्याहून तिखट आहे. वेश्येच्या कमाईवर जगणाऱ्या पुरुषाचे ते नाव कालांतराने परक्याच्या श्रमांवर पोसल्या जाणाऱ्या कोणालाही चिकटले.

मात्र 'स्लॅकर' या शब्दाचा इतिहास आपल्याला सावध करणारा आहे. 1917 साली अमेरिका युद्धात उतरल्यावर सक्तीची लष्करभरती टाळणारा तो 'स्लॅकर' ठरला, आणि सप्टेंबर 1918 मध्ये न्यूयॉर्क शहरात रस्ते, नाटकगृहे व रेल्वेस्थानके येथे सरकारी अंमलदारांनी, सैनिकांनी आणि स्वयंसेवकांनी तरुणांना अडवून नोंदणीचे कार्ड मागितले. ज्यांच्या खिशात ते नव्हते अशा हजारोंना अटकावून ठेवण्यात आले, आणि चौकशीअंती त्यांतील बहुसंख्य निर्दोष निघाले.

कामचुकार म्हणण्याचा अधिकार मुळात ज्याच्या डोक्यावर दुसऱ्याचे ओझे येऊन पडते त्या सोबत्याचा आहे, कारण त्याला त्या माणसाचे काम आणि त्याची सबब दोन्ही ठाऊक असतात. तोच शब्द सत्तेच्या हाती गेला की माणसाची पारख न होता केवळ कागदाची तपासणी होते, आणि निरपराध माणसाला विनाकारण कोठडी पाहावी लागते.