किल्ल्यातली कोठडी आणि कायद्याची मुदत

भिंगार कॅम्पाला लागूनच नगरचा भुईकोट किल्ला आहे. ताबा लष्कराचा. आत काँग्रेस नेत्यांना ठेवलं होतं तो नेता कक्ष जपून ठेवलाय. ९ ऑगस्ट १९४२ला मुंबईत पकडलेले नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव आणि इतर इथे आणले गेले. त्यांना कुठे ठेवलंय, हेही सरकारने सुरुवातीला गुप्त ठेवलं. खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षेची मुदत नाही. नेहरूंनी अंगणातल्या खडकाळ जमिनीत बाग केली. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष, घुमटांची टोकं लागली. फार खोल खणणं मात्र अधिकाऱ्यांना पसंत नव्हतं. आझादांच्या पत्नी १९४३मध्ये कलकत्त्यात वारल्या, तेव्हा ते इथेच होते.

अशा स्थानबद्धतेला आधार होता भारत संरक्षण नियमांतल्या २६व्या नियमाचा. तो नियम कोर्टात हरला, आणि हरवणारा माणूस आपल्या मुंबईचा, केशव तळपदे. माणूस डांबायचा तर वाजवी संशय हवा, असं मूळ कायदा सांगत होता. नियमात मात्र सरकारचं समाधान झालं की पुरे होतं. २२ एप्रिल १९४३ला फेडरल कोर्टाने नियम कायद्याबाहेरचा ठरवला. सहाच दिवसांनी, २८ एप्रिलला, व्हाइसरॉयने अध्यादेश काढून तो मागील तारखेपासून वैध केला. हे सहा दिवस मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचे वाटतात.

स्वातंत्र्यानंतर हे संपायला हवं होतं. संविधान लागू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच फेब्रुवारी १९५०मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता विधेयक संसदेत आलं. ते मांडणारे गृहमंत्री होते सरदार पटेल, याच किल्ल्यात विनाचौकशी राहिलेले. सशस्त्र उठावाची त्यांची काळजी खोटी नव्हती. पण एका वर्षापुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत १९६९च्या अखेरपर्यंत चालला. मग १९७१चा मिसा हा स्थानबद्धतेचा नवा कायदा आला, आणीबाणी आली. २८ एप्रिल १९७६ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना दाद मागण्याचा दरवाजा बंद केला, एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे आलेल्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली ७६ हजारांवर लोक धरले गेले आणि त्यातल्या फारच थोड्यांवर गुन्हा सिद्ध झाला. १९९५मध्ये तो कायदा संपू दिला गेला.

दहशतवादाची भीती मी हलकी मानत नाही. लष्कराच्या सोबतीने वाढलेल्या भिंगारमध्ये तर कुणी मानणारच नाही. १२ मार्च १९९३ला मुंबईत २५७ माणसं गेली, २६/११ला १६६. त्या रात्री पोलीस तुकाराम ओंबळेंनी छातीवर गोळ्या झेलून हल्लेखोर कसाबला जिवंत पकडून दिलं. त्या कसाबला वकील मिळाला, पुरावा तपासला गेला, अपील झालं आणि मगच फाशी झाली. राज्य यामुळे दुबळं झालं नाही. मात्र त्याच हल्ल्यानंतर महिनाभरात यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक झाला आणि जामीन जवळजवळ अशक्य होऊन बसला.

११ जुलै २००६च्या लोकल बॉम्बस्फोटांत १८९ जणांचा जीव गेला. खटला मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली चालला. पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब या कायद्यात पुरावा म्हणून चालतो. विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक तोवर वारला होता. दहा दिवसांनी २००८च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी सुटले. कोण कुठल्या धर्माचा, यावर त्या आठवड्यात बरंच बोललं गेलं. तपास असा कसा कोसळतो, यावर फार कमी. माझं मत स्पष्ट आहे: ज्या सत्तेला कोर्टात उत्तर द्यावं लागत नाही, ती निरपराध्याला डांबते आणि खऱ्या गुन्हेगारालाही हातचा घालवते.

त्याच जुलैत राज्याच्या विधिमंडळाने असाच आणखी एक कडक कायदा आणणारं विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. आपल्या आमदाराला दोनच गोष्टी विचारा. या कायद्याला मुदत आहे का? आणि लोकल स्फोटांत गेलेल्या १८९ जणांच्या घरच्यांना, बॉम्ब कुणी ठेवले, हे कोण सांगणार?