संभाजीनगरचा गिलावा

बीबी का मकबरा दुरून अखंड संगमरवरी वाटतो. प्रत्यक्षात संगमरवर आहे तो भिंतींच्या खालच्या पट्ट्यात आणि वर घुमटाला. मधला सगळा भाग काळ्या बेसाल्टचा, आणि त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा. दरवाजावरच्या लेखात अताउल्लाह हे रचनाकार आणि हंसपतराय हे अभियंता अशी नावं आढळतात. त्यांच्या आराखड्याला पांढरं, नक्षीदार रूप आलं ते मात्र गिलावा करणाऱ्या हातांमुळे. साडेतीनशेहून अधिक वर्षं या शहराची ओळख त्या थरावर टिकून आहे.

गिलाव्याचं या परिसराशी नातं त्याहून कितीतरी जुनं आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते, हे पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ राहिलेले राजदेव सिंग आणि तेव्हा मराठवाडा विद्यापीठात असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी दाखवून दिलं. त्यांचा शोधनिबंध २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. या तंतूंनी गिलावा बांधून ठेवला, ओल सांभाळली आणि किडीला दूर ठेवलं, असा त्यांचा निष्कर्ष. अजिंठ्याच्या गिलाव्यात भुसा आणि इतर वनस्पतींचे तंतू होते, भांग नव्हती. तिथल्या चित्रांचं किडीनं बरंच नुकसान केलं. भिंतीवरचा थर तडकू द्यायचा नसेल तर त्यात धागा हवा आणि तो टिकवायचा असेल तर पाण्याचा बंदोबस्त हवा, हे इथल्या कारागिरांना तेव्हाच उमगलं होतं. साहित्य बदललं, तरी गिलाव्याचं शास्त्र अजून या दोन गोष्टींवरच उभं आहे.

चुन्याच्या कामात घाई चालत नसे. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरू द्यायचा, मग वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायचा. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी असे जिन्नस गावागावाच्या रिवाजाप्रमाणे पडत. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो, तरीही आतली वाफ बाहेर जाऊ देतो. म्हणूनच जुन्या वाड्याच्या भिंतीवर सिमेंटचं ठिगळ लावू नये. सिमेंट ओल आत कोंडतं, भिंतीला लोणा लागतो आणि ठिगळाच्या कडेचा मूळ चुनाही सुटू लागतो.

नव्या घरांत मात्र सिमेंटचंच राज्य आहे. आतल्या भिंतीला साधारण १२ मिलिमीटर जाडी आणि एकास सहा माल. बाहेरून दोन हातांत मिळून सुमारे २० मिलिमीटर आणि एकास चार माल. ही प्रमाणं बहुतेक गवंड्यांना पाठ असतात. काम बिघडतं ते त्याच्या आधी आणि नंतर. काँक्रीटच्या कॉलमला टाचे मारले नाहीत तर माल धरत नाही. कॉलम आणि विटेच्या सांध्यावर जाळी ठोकली नाही तर तिथे सरळ उभी भेग हमखास पडते. कालवलेला माल तासन् तास पडून राहिला आणि वर पाणी मारून पुन्हा वापरला, तर त्याचा जोर गेलेला असतो.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि जायकवाडी धरण जवळ असूनही अनेक वस्त्यांत नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं. अशा शहरात हे पाणी आणणार कोण, हे ठेका ठरवतानाच बोललं पाहिजे. तहानलेला गिलावा पहिल्याच वर्षी पोपडे धरतो.

आतल्या भिंतींना जिप्सम प्लास्टर करण्यामागे हे पाण्याचं कारण मोठं आहे. ते थेट विटेवर लागतं, अर्ध्या तासाच्या आसपास आवळतं आणि नंतर पाणी मागत नाही. पण ओल त्याला सोसत नाही. न्हाणीघर, बाहेरची भिंत, गळकी गच्ची अशा ठिकाणी ते लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

जिप्समच्याच पाट्यांची कोरडी भिंत, म्हणजे ड्रायवॉल, हा पुढचा टप्पा. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ साली कागद आणि प्लास्टरच्या थरांच्या पाटीचं पेटंट घेतलं. तिथून ही पद्धत वाढली. आपल्याकडे ती मुख्यतः कार्यालयं, दुकानं आणि दवाखान्यांत दिसते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्यांचा सांगाडा, त्यातले उभे दांडे साधारण ६० सेंटिमीटर अंतरावर, दोन्ही बाजूंनी साडेबारा मिलिमीटरच्या पाट्या आणि आवाज अडवायला मध्ये काचलोकर. सांध्यांवर कागदी पट्टी आणि लांबी. वेरूळच्या तंतूंचं काम इथे ही पट्टी करते; ती टाळली की रंगाखालून प्रत्येक सांधा डोकं वर काढतो. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणी असतं. आगीत ते वाफ होऊन निघेपर्यंत पाटी उष्णता रोखून धरते, हा तिचा मोठा गुण. मात्र तिच्यावर स्लॅबचा भार देता येत नाही, आणि टीव्ही किंवा कपाट टांगायचं असेल तर पाटी बसवण्याआधीच आत लाकडाचा आधार द्यावा लागतो.

आता कारागीर निवडण्याविषयी. दर ब्रासवर ठरो वा चौरस फुटावर, एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दार-खिडक्यांची वजावट कशी धरणार, माल कोणाचा, पहाड कोणाची, राडारोडा कोण उचलणार हे कागदावर घ्या. उचल कामाच्या टप्प्यांनुसार द्या. ठेकेदाराचं ताजं काम पाहून निर्णय घेऊ नका, एक पावसाळा झेललेलं पाहा. भिंतीवर बोटानं टकटक करा. पोकळ आवाज आला तर तिथे गिलावा सुटलेला आहे. लांब सरळ पट्टी भिंतीला लावा, मागून उजेड दिसतो का बघा. भिंतीला आधीच ओल असेल तर ती कुठून येते हे शोधल्याशिवाय नवा थर लावणारा माणूस टाळा.

आणि दर विचारण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा: सांध्यांवर काय लावणार, आणि पाण्याचं काय करणार? ज्याच्याकडे या दोन्हींची नेमकी उत्तरं आहेत त्याला ब्रासमागे थोडे जास्त पैसे द्या. भिंत पाडून पुन्हा करण्यापेक्षा ते नेहमीच स्वस्त पडतं.