पायाची जखम आणि मनाचा घोर



मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. शिंपी कापली, काटा रुतला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून आपण तसेच खाऱ्या पाण्यात उतरतो आणि जखम चिघळते. ती भरायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर त्या पायावर भार द्यायचा नाही. म्हणजे दर्या बंद.

खरा घोर इथून लागतो. "मी घराला ओझं झालो," असं वाटतं. जखमेच्या वासाची लाज वाटते, झोप उडते. मग ड्रेसिंग चुकतं, गोळ्या राहतात, साखर चढते आणि जखम भरत नाही. म्हणून मन सांभाळणं हाही उपचारच.

आमचं सांगणं एवढंच: पायाला विश्रांती द्या, पण माणसाला बाजूला टाकू नका. बसल्या जागी जाळी दुरुस्त करणं, डिझेल-बर्फाचा हिशेब त्याच्याकडे सोपवा. रोज संध्याकाळी घरच्यांनी दोन्ही तळवे बघावेत. पाय लाल झाला, सुजला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उदासी दोन आठवडे हटली नाही तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.