एका शहराचे रोजचे ९९० कोटी ठोके

२०११च्या जनगणनेत सिल्वासा शहराची लोकसंख्या ९८,२६५ भरली. हृदयाचे मिनिटाला ७० ठोके धरले, तर माणशी दिवसाला १,००,८०० होतात. म्हणजे एवढ्याशा शहराचे रोजचे ठोके ९९० कोटी! अख्ख्या जगाची लोकसंख्याच मुळी ८०० कोटींच्या घरात आहे.

सिल्वासा ज्या दादरा आणि नगर हवेलीत आहे, ती पोर्तुगिजांच्या हातून सुटली १९५४मध्ये. त्या साली जन्मलेल्याचं हृदय सत्तरीपर्यंत सुमारे २५८ कोटी वेळा धडधडलेलं असतं. दर ठोक्याला महाधमनी फुगते आणि पुन्हा पूर्ववत होते. हा ताण सोसतात ते इलॅस्टिन या प्रथिनाचे धागे. ते बहुतेक सगळे जन्माच्या आगेमागे आणि बालपणी विणले जातात. पुढे नवी भर जवळजवळ नाहीच. वयानुसार धागे तुटतात, ताण राठ कोलॅजेनवर येतो आणि साखरेचे रेणू कोलॅजेनचे तंतू एकमेकांशी जखडून टाकतात. तरुणपणी महाधमनीतून सेकंदाला पाच-सहा मीटर धावणारी नाडीची लाट म्हातारपणी दहा-बारा मीटर वेगाने धावते. उतारवयात वरचं बीपी चढतं आणि खालचं बहुधा चढत नाही, ते यामुळेच.

आता लहान आकडे. रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक अवघ्या आठ अमिनो आम्लांचं. रक्तात त्याचे निम्मे रेणू मिनिटभरही टिकत नाहीत. निरोगी माणसाच्या तीन लिटर रक्तद्रवात ते एका वेळी जेमतेम ३० नॅनोग्रॅम असतं. मिठाचा एक बारीक कण त्याच्या दोनेक हजार पट जड भरेल. तरी रेणू मोजायचे म्हटलं, तर सुमारे १७ लाख कोटी!

या संप्रेरकाच्या जोराने बारीक धमनीची त्रिज्या १० टक्क्यांनी घटली, की रक्ताला होणारा रोध ५२ टक्क्यांनी वाढतो, कारण हिशेब त्रिज्येच्या चौथ्या घाताचा असतो. त्या रोधाशी झुंजून हृदयाचे स्नायू जाड होतात. त्यांच्या नव्या पेशी मात्र पंचविशीत वर्षाला एक टक्का, तर पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

सहा लाखांहून अधिक लोकांवरच्या १२३ चाचण्या २०१६मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. वरचं बीपी १०ने उतरलं, की हार्ट अटॅक, पक्षाघात असे मोठे आघात २० टक्क्यांनी घटतात, असं त्यांतून दिसलं. सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलात दंडाला पट्टा बांधल्यावर १५०चं १४० दिसलं, तर ती कमाई मोठीच. मात्र आकडा उतरला म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नये. बीपी गोळीने उतरलेलं असतं. तुटलेलं इलॅस्टिन काही परत आलेलं नसतं.